मदत हवी आहे : लहान स्ट्रक्चरल कार्यालयात प्रकल्प व्यवस्थापन कोठून सुरू करावे?

नमस्कार. जळगावात नऊ जणांचे एक स्ट्रक्चरल डिझाइनचे कार्यालय आहे आणि तिथे मी अकरा वर्षे काम करते. दिवाळीनंतर सरांनी माझ्याकडचे डिझाइनचे निम्मे काम काढून घेतले आणि ‘आता प्रकल्पांकडे तू बघ’ असे सांगितले. बघायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि मलाही ते कोणी कधी शिकवलेले नाही. पदवीच्या काळात सीपीएम आणि पर्ट या वेळापत्रक आखण्याच्या पद्धतींवर एक पेपर होता, त्यात कामांचे जाळे काढून क्रिटिकल पाथ (पूर्ण प्रकल्पाचा कालावधी ठरवणारी कामांची साखळी) शोधला आणि गुण मिळवले, एवढीच माझी पुंजी.

अडचण काय आहे ते एका प्रसंगावरून सांगते. भुसावळच्या एका तीन मजली इमारतीत, स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी, मी सळई तपासायला गेले, तर जिन्याच्या लँडिंगचा बीम जुन्याच जागी बांधलेला होता. लिफ्टसाठी आर्किटेक्टने तो 300 मिमी सरकवला होता आणि आमचे सुधारित ड्रॉइंग पाच दिवस आधी साइटला गेलेही होते, पण ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात ‘फायनल नवीन’ या नावाने गेले होते आणि त्याच गटात ‘फायनल’ आणि ‘फायनल 2’ आधीपासून पडून होते. सिमेंटच्या खोलीत भिंतीला ठोकलेला, घड्यांवर फाटून चिकटपट्टी लावलेला कागद तर सगळ्यांत पहिला होता. फिटरने एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात तो कागद धरून मला विचारले, “मॅडम, कोनता कागद खरा शे?”

सळई सोडून पुन्हा बांधण्यात तीन दिवस गेले. तोवर होळीआधीचे भोंगऱ्याचे आदिवासी बाजार सुरू झाले आणि सातपुड्यातून आलेले सेंटरिंगचे (स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावणारे) मजूर होळीसाठी गावी निघून गेले, त्यामुळे तीन दिवसांचा उशीर वीस दिवसांचा झाला. चूक फिटरची नव्हती, हे मी मालकांना सांगितले. कोणाची होती, हे सांगताना मात्र माझी जीभ अडखळली.

माझा पहिला प्रश्न असा, की महागडे सॉफ्टवेअर न घेता ड्रॉइंगच्या आवृत्त्यांवर ताबा कसा ठेवावा? दुसरा प्रश्न वेळापत्रकाचा आहे. मी एक्सेलमध्ये वर्षभराचा बार चार्ट केला होता, पण होळी आणि आखाजी (अक्षय तृतीया) या दोन सणांनीच तो निकामी केला. तिसरा प्रश्न प्रशिक्षणाचा आहे आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत अवघड आहे. मी पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापकांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या परीक्षेची तयारी करावी, की बांधकाम व्यवस्थापनाचा एखादा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करावा? आणि कार्यालयातल्या तीन कनिष्ठ अभियंत्यांचे काय? सरांचे म्हणणे असे, की शिकवून तयार केलेला मुलगा वर्षभरात पुण्याला जातो, मग खर्च कशाला करायचा. मला ते पटत नाही. गेल्या वर्षी सोडून गेलेल्या मुलाने तीन वर्षे केवळ फूटिंग आणि कॉलमचे तपशील काढले होते, आणि आपण काढलेला एकही कॉलम त्याने उभा राहताना पाहिला नव्हता. तो पगारासाठी गेला असे आम्ही म्हणतो, इतकेच.

प्रतिसाद (धुळे)

ताई, सॉफ्टवेअरचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आमच्याकडे एक जाड रजिस्टर आहे. त्यात ड्रॉइंग क्रमांक, आवृत्ती, तारीख आणि घेणाऱ्याची सही असे चारच रकाने आहेत. नियम एकच आहे, की साइटवरचा जुना कागद परत हातात पडल्याशिवाय नवा द्यायचा नाही. जुन्यावर तिथेच लाल पेनाने फुली मारायची. ‘कामासाठी मंजूर’ असा शिक्का नसलेल्या कागदावर काम केल्यास जबाबदारी ठेकेदाराची, हे करारातच लिहून घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅप बंद होणार नाही, तेव्हा त्यावर ड्रॉइंग न पाठवता ‘क्रमांक अमुक, आवृत्ती 3 साइटवर दिली’ एवढा निरोप पाठवावा. याशिवाय, स्लॅब भरण्यापूर्वीच्या तपासणी पत्रकावर कोणत्या आवृत्तीनुसार सळई तपासली, हे लिहूनच सही करावी. आपली तपासणी आदल्या संध्याकाळी झाली, ती दोन दिवस आधी हवी होती, हेही नम्रपणे सांगतो.

बार चार्ट वर्षाचा असू द्या, पण काम तीन आठवड्यांच्या यादीवर चालवा आणि ती यादी दर सोमवारी मुकादमाला समोर बसवून करा, कारण माणसे कधी जाणार हे त्यालाच ठाऊक असते. होळीला अडथळा न मानता कामाला लावता येते. आयएस 456 : 2000 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साधे (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंट वापरल्यास 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस ठेवावे लागतात. 6 मीटरपर्यंतच्या बीमलाही 14 दिवस लागतात. तेव्हा स्लॅब भोंगऱ्याच्या आधी भरला, तर मजुरांची सुट्टी आणि टेकूंची मुदत एकमेकांत बसते. मात्र पाणी मारायला दोन स्थानिक माणसे आधीच ठरवून ठेवा, कारण कोरड्या, उष्ण हवेत क्युरिंग किमान 10 दिवस हवे आणि आपल्याकडे मार्चपासूनच ऊन कसे असते हे वेगळे सांगायला नको. आखाजीला हीच युक्ती करताना अधिक सावध राहा; तेव्हा दुपारी काँक्रीट ओतूच नये.

पीएमपीसाठी 35 तासांचे प्रशिक्षण आणि प्रकल्प हाताळल्याच्या महिन्यांचा हिशेब द्यावा लागतो. डिझाइनची सगळी अकरा वर्षे त्यात धरली जातील असे समजू नका. प्रकल्प चालवण्याचा अनुभव वेगळा दाखवावा लागेल. म्हणून आजपासून प्रत्येक प्रकल्पाची नोंद ठेवा आणि परीक्षा दोन वर्षांनी द्या. मुलांसाठी मी पैसे मागितले नाहीत, शनिवार मागितले. एकाआड एक शनिवारी ज्याने ड्रॉइंग काढले तोच सळई तपासायला जातो आणि साइटवरून आलेले प्रश्न स्वतः लिहून आणतो. आमची दोन मुले तरीही गेली, पण उरलेल्यांच्या ड्रॉइंगमध्ये सळयांची गर्दी कमी झाली, कारण 230 मिमी रुंदीच्या बीममध्ये सहा सळया बसवताना फिटरचे काय होते, हे त्यांनी पाहिले आहे.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. दोन दिवस आधीच्या तपासणीबद्दलचे म्हणणे मान्य आहे. रजिस्टर कालच आणले आणि भुसावळहून जुने कागद परत मागवले, तर एकाच ड्रॉइंगच्या चार प्रती आल्या. त्यांपैकी एकीवर चहाच्या कपांचे गोल डाग होते आणि तीच प्लंबरकडे होती. शनिवारसाठी सर तयार झाले आहेत, मात्र पेट्रोलचा खर्च कोणत्या प्रकल्पावर टाकायचा हे विचारत आहेत. ज्यांच्याकडे असा खर्च प्रकल्पनिहाय लिहिला जातो, त्यांनी कृपया पद्धत सांगावी. एक शंकाही आहे : मालक आम्हाला न कळवता थेट मिस्त्रीला फोन करून खिडकी सरकवायला सांगतात. तो बदल या रजिस्टरमध्ये कोणी आणि कसा आणायचा?