१६१३ टिपर: मागचे ब्रेकचे ड्रम गंजून जाम, गॅस लावू का?

मुळशीकर_टिपर
नमस्कार मंडळी. वडिलांचा जुना १६१३ टिपर पौडजवळ दोन पावसाळे उघड्यावर उभा होता. मुळशीचा पाऊस माहीतच आहे. आता गिऱ्हाईक आलंय. इंजिन लागलं, ब्रेकची हवाही भरते, पण मागची चाकं फिरतच नाहीत. ट्रॅक्टरने ओढली तर घासत येतात.

उजवी चाकं काढली, ड्रम जागचा हलत नाही. त्याच बाजूचा एक्सल शाफ्टही (चाक फिरवणारा दांडा) नट काढून झाले तरी हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, चिकटून बसलाय. डाव्या बाजूला तर चाकाचे नटच सुटेनात, पाइप लावून दोघं लटकलो. डब्ल्यूडी-४० चा अख्खा डबा संपला. गावातला वेल्डर म्हणतो, गॅस लावतो, पाच मिनिटांत मोकळं. लावू देऊ का?

चाकण_लोडिंग
लावा की. लाल करायचं आणि घण घालायचा. आमच्याकडे सगळं असंच निघतं.

ट्रान्सपोर्टनगरचा_फिटर
चाकणवाले, तुमच्याकडे निघत असेल, पण त्या पोराला मारू नका. डाव्या बाजूला टायर अजून चढवलेले आहेत. चाकाची लोखंडी डिस्क तापली की आतलं रबर भाजून पेटणारा वायू सुटतो, आणि ज्योत बाजूला केल्यावरही टायर फुटू शकतो. हवा सोडली म्हणून निर्धास्त राहायचं कारण नाही. टायर गाडीवर असताना नटाला गॅस नाही, विषय संपला.

आता तू ऐक. डाव्या स्टडच्या (नट बसतो त्या बोल्टच्या) टोकावर 'एल' कोरलंय का, वायर ब्रशने घासून बघ. असेल तर आटे उलटे आहेत. म्हणजे तुम्ही दोघं लटकून नट सोडत नव्हता, आवळत होता. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरव.

ठोकाठोकी करण्याआधी एक ठरव, काय वाचवायचं आणि काय मारायचं. ब्रेकचे शू (ड्रमला आतून दाबणारे), त्यांचं लायनर म्हणजे घासणारं अस्तर, स्प्रिंगा, बुश, अँकर पिन (शू ज्यावर टेकतात तो), फार तर शू फाकवणारा कॅम शाफ्ट, हे सगळं मेलं तरी निगडीत नवं मिळतं. एक्सलचं हाउसिंग, हब आणि पिन धरणारा ब्रॅकेट मात्र जपायचा. लोक उलटं करतात. चार पैशांचा पिन वाचवायला ब्रॅकेटवर घण घालतात.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लाव, मागचा एक्सल स्टँडवर घे, जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. मग स्प्रिंग चेंबरच्या (पार्किंग ब्रेकची स्प्रिंग असलेल्या डब्याच्या) मागचा रिलीज बोल्ट फिरवून आतली स्प्रिंग दाबून घे. चेंबरची गोल पट्टी खोलू नकोस, ती स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो. मग स्लॅक अ‍ॅडजस्टर (कॅम फिरवणारी दांडी) मागे घे. तो फिरला की निम्मं काम झालं, कारण झिजलेल्या ड्रमला आत कडा तयार होते आणि शू त्या कडेत अडकतात. शू मागे आल्याशिवाय ड्रम बाहेर येणारच नाही, हबवरचा गंज कितीही काढ.

ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असली तर त्यात बोल्ट घालून दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीने आवळ. नसली तर स्टडांच्या मधल्या जागेवर ठोक. काठावर मारू नकोस, ते बीड आहे, तडकतं. निघाल्यावर आतली धूळ हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पाणी मारून ओल्या फडक्याने पूस.

शाफ्टचं सोपं आहे. स्टडभोवती चिरलेल्या निमुळत्या कड्या (टेपर कोन) दिसतात का? फ्लँजच्या (शाफ्टच्या टोकाच्या चकतीच्या) बरोबर मध्यावर घणाने एक जोरकस टोला दे, धक्क्याने कोन सैल होतात. स्टडवर नट थोडे चढवून ठेव, म्हणजे आटे वाचतील. खाली ट्रे ठेव, तेल येईल.

डब्ल्यूडी-४० बद्दल: त्यातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारा, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. १९५३ सालचं आहे. वाईट नाही, पण घट्ट बसलेल्या सांध्यात शिरायला मुरणारं तेल वेगळं मिळतं, ते आण. संध्याकाळी सोड, सकाळी ठोक, परत सोड. डबा ओतून लगेच पाना लावणाऱ्याला कुठलंच तेल पावत नाही.

मुळशीकर_टिपर
काका, 'एल' निघालं! वेल्डरला दाखवलं तर म्हणतो, मला आधीच माहीत होतं. शाफ्ट आले, दोन्ही ड्रमही आले. उजवीकडचा कॅम मात्र बुशात पक्का बसला होता. ग्रीसचं निप्पल बदलून ग्रीसगन मारली तरी फिरेना, शेवटी ग्राइंडरने कापला. आता डाव्या बाजूचा एक अँकर पिन राहिलाय. इथे तरी गॅस चालेल का?

ट्रान्सपोर्टनगरचा_फिटर
टायर उतरवलेत, मग चालेल. आजूबाजूचं ग्रीस पुसून घे, तेल सील जवळ असेल तर ओलं फडकं गुंडाळ, पाण्याची बादली हाताशी ठेव. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारला असेल तर आधी पूर्ण वाळू दे. काहींमध्ये क्लोरीन असतं, तापलं की विषारी वायू होतो.

भोसरीचा_लेथवाला
काकांच्या पुढे थोडं जोडतो. ज्योत ब्रॅकेटला लाव, पिनला नाही. पिन तापवलास तर तोच फुगून अजून घट्ट बसतो. लाल करायची गरजच नाही. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो गोळी होऊन नाचू लागला की पुरे, साधारण २०० अंश. ३० मिमीचं भोक तेवढ्याने जेमतेम ०.०७ मिमी मोठं होतं, पण गंजाची पकड सुटायला तेवढं बास होतं. गरम असतानाच कडेला मेणबत्ती टेकव, मेण वितळून आत ओढलं जातं. मग पितळी दांडा ठेवून ठोक. पिनचं डोकं चेपून पसरलं की तो भोकातून निघणार नाही, म्हणून थेट हातोडा नको.

तरी नाहीच आला तर मधोमध ड्रिल करून पोकळ कर, भिंत पातळ झाली की पिन स्वतःच आत दबतो. नवा पिन आणि बुश घेऊन ये, भोक मोजूनच सांगतो बुश बसेल की जादा मापाचा बनवावा लागेल. ड्रमही आण. त्यावर कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्या पुढे गेला असेल तर लेथवर चढवायच्या आधीच नाही म्हणेन. गिऱ्हाइकाला मुळशीचा घाट उतरायचा असणार.