थाई राष्ट्रगीतातला 'छात' म्हणजे आपली 'जाती'?

प्रश्न: थाई भाषेत राष्ट्रगीताला 'फ्लेंग छात' म्हणतात आणि त्यातला 'छात' हा आपला 'जाती'च, असं कळलं. मग त्याचा अर्थ 'राष्ट्र' कसा झाला?

उत्तर: हो, शब्द तोच. 'जाति'चा मूळ अर्थ जन्म, आणि थाईत तो आजही जिवंत आहे: 'छात ना' म्हणजे पुढचा जन्म. जन्मावरून कूळ, कुळावरून लोकसमूह आणि तिथून राष्ट्र. हा शेवटचा अर्थ रुजवण्यात राजा वजिरावुधचा (राम सहावा) हात मोठा. त्याची त्रयी अशी: छात, सासना, फ्रमहाकसत. म्हणजे राष्ट्र, धर्म, राजा. 'सासना' हे आपलं 'शासन', पण बुद्धाचं, म्हणून धर्म. १९१७च्या तिरंगी झेंड्यातले लाल, पांढरा, निळा हे रंग याच तिघांचे मानले जातात.

गीत मात्र राजेशाहीला आवर घालणाऱ्यांचं. १९३२पर्यंत राजगीतावरच काम भागत होतं. २४ जून १९३२ रोजी 'खना रात्सदोन'ने अनियंत्रित राजसत्ता संपवली ('खना' म्हणजे गण, 'रात्सदोन' हा 'राष्ट्र'वरून आलेला, पण अर्थ जनता). नव्या राजवटीच्या गीताला चाल दिली फ्रा चेनदुरियांग यांनी. त्यांचे वडील जर्मन. खुन विचितमात्रा यांचे पहिले शब्द सुरू होत ते सयामच्या भूमीपासून.

२४ जून १९३९ला फिबुन सोंगख्राम यांच्या सरकारने देशाचं नावच बदललं. सयामचा थायलंड झाला, तेव्हा गीतही बदलणं आलं. स्पर्धा झाली, सैन्यातर्फे आलेले लुआंग सारानुप्रफान यांचे शब्द निवडले गेले आणि त्याच डिसेंबरात लागू झाले. आता पहिली ओळ पाहा: 'प्रथेत थाय रुआम लुआत नुआ छात छुआ थाय'. प्रथेत म्हणजे प्रदेश, लुआत रक्त, नुआ मांस, छुआ वंश. थाई वंशाचं रक्तमांस एकवटणारा देश! ज्या देशात मलय, लाओ, चिनी मुळांचे लाखो लोक राहत होते, तिथलं हे विधान आहे. म्हणून या ओळीतल्या 'छात'चं भाषांतर नुसतं 'राष्ट्र' करू नये, असं मला ठामपणे वाटतं. तसं केलं की १९३९चं राजकारणच पुसलं जातं. इथे 'वंश' हवा. 'जात' तर मुळीच नको. आपल्याकडच्या जातिव्यवस्थेशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न: गीतात आणखी असे शब्द आहेत का?

उत्तर: भरपूर. 'सामक्खी' घ्या. हा पालीतला 'सामग्गी', म्हणजे आपली 'सामग्री', पण अर्थ एकोपा. मूळ 'समग्र', सगळे एकत्र. आपण तो वस्तूंना लावला, पालीने माणसांना. रक्ताचा थेंब न् थेंब 'छातफली' म्हणून वाहू, असंही गीतात आहे: तो 'जातिबली', राष्ट्रासाठी दिलेला बळी. शेवटच्या ओळीतल्या 'छाय'मध्ये जय सहज ओळखू येतो.

आणि 'प्रछारत', म्हणजे प्रजा + राष्ट्र. गीतात देश जनतेचा आहे हे सांगणारा हा शब्द. २०१४च्या बंडानंतर सत्तेवर आलेल्या जनरल प्रयुत यांच्या सरकारने तो आपल्या धोरणाला दिला, आणि २०१९च्या निवडणुकीत त्यांना पंतप्रधानपदाचे उमेदवार करणाऱ्या पक्षाच्या नावातही तोच होता. २०२०मध्ये त्यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या तरुणांनी १९३२चा 'रात्सदोन' उचलला.