मदत हवी आहे: दुखणं थोडा वेळ थांबलं तर त्याला 'उसंत' म्हणता येतं का?

सातवीच्या मुलांसाठी रोजच्या वापरातली वाक्यं तयार करतोय. 'पावसानं उसंत घेतली, तशी पंचगंगेची पातळी उतरू लागली' आणि 'सणात महाद्वार रोडवरच्या दुकानदाराला श्वास घ्यायला उसंत नाही', ही दोन्ही झकास बसली. अडलंय दुखण्यापाशी. 'गोळीनं दाढेला उसंत मिळाली' कानाला खटकतंय. 'आराम पडला' म्हटलं की पोरांना दाढ पूर्ण बरी झाली असं वाटतं. 'उतार' तापाला शोभतो. शब्दकोशात अर्थ मिळाला, पण असं वाक्य मिळालं नाही. 'विसावा' सुचवू नका, तो वारीत आणि बंगल्यांच्या पाट्यांवरच बरा. कोल्हापुरी ढंग चालेल, फक्त पेपरात लिहिता यायला हवं. ठणका तासभर थांबून परत सुरू होणार, हे एका साध्या वाक्यात तुम्ही कसं सांगाल?