मदत हवी आहे: वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरून घरच्या पीसीवर सुरक्षित कसं जायचं?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात घरून डीटीपीची कामं करते. आईच्या आजारपणामुळे महिनाभर गावी आहे. माझ्याकडे लॅपटॉप नाही, मराठी फॉण्टचं डोंगलही घरच्या पीसीलाच लावलेलं राहिलंय. एका पुस्तकाच्या प्रुफांवरच्या दुरुस्त्या तातडीने करायच्या आहेत.

इथल्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरशिवाय काही उघडत नाही. यूएसबीची तोंडं चिकटपट्टीने बंद केलीत. रिमोट डेस्कटॉप (दूरचा पीसी इथून चालवायची विंडोजची सोय) सुरू केलं की 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा' अशी पाटी येते. ग्रंथपालांना विचारलं, तर म्हणाले, "ब्राउझरमध्ये काय ते करा, इन्स्टॉल काही करता येणार नाही." त्यांचा नियम मला मोडायचा नाही.

घरी भाऊ आहे. त्याने राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपला बाहेरून यायची वाट, उघडून पाहिला, पण जमलं नाही. राउटरचा आयपी १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे इंटरनेट कंपनीने बाहेरचा एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे, त्यामुळे बाहेरून थेट पीसीपर्यंत पोचता येत नाही.

राहिलं क्रोम रिमोट डेस्कटॉप. ते ब्राउझरमध्ये चालतं, पण गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं. माझी सगळी मेल, गिऱ्हाइकांच्या फाइली त्याच खात्यात आहेत. कळा नोंदवणारा एखादा प्रोग्राम तिथे असेल तर खात्याचा पासवर्ड आणि पीसीला जोडतानाचा पिन दोन्ही गेले. काय करू?

उत्तर १: ताई, आधी तो ३३८९ बंद करायला सांगा. २०१९ मध्ये जुन्या विंडोजमधली ब्लूकीप नावाची फट सापडली ती याच रिमोट डेस्कटॉप सेवेत, पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं.

मग फक्त या कामापुरतं नवीन गूगल खातं काढा आणि भावाला त्याच खात्यावरून पीसीवर क्रोम रिमोट डेस्कटॉप बसवू द्या. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं लॉगिन) चालू ठेवा, कोड तुमच्या फोनवर. पासवर्ड चोरीला गेला तरी वापरलेला कोड पुन्हा चालत नाही. विंडोजमध्येही अ‍ॅडमिन नसलेला वेगळा युजर करा. ऑनस्क्रीन कीबोर्डवर भिस्त ठेवू नका, स्क्रीन टिपणारे प्रोग्रामही असतात. त्यामुळे प्रुफांखेरीज तिथे काहीही उघडू नका, बँक तर नाहीच. उठताना पीसी लॉक करा, लॉगआउट करा, आणि फोनवरून त्या खात्यातलं वाचनालयाचं डिव्हाइस काढून टाका.

धागाकर्ती: पोर्ट बंद केला, नवीन खातंही झालं. मनावरचं ओझं उतरलं, खूप आभार! पण भाऊ दिवसभर कामावर असतो. मध्येच वीज गेली तर?

उत्तर २: बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर पीसी आपोआप सुरू व्हायची सेटिंग बहुतेक मदरबोर्डांना असते. ती आज रात्रीच लावून घ्या, आणि विंडोजमधलं स्लीपही बंद करा.