मदत हवी आहे: वेब फॉर्म्समध्ये कोडने बनवलेल्या बटणाचं क्लिक चालतच नाही

नमस्कार मंडळी,

दोन दिवस एकाच जागी अडकलोय. एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समधलं (मायक्रोसॉफ्टची वेबपानं बनवायची पद्धत) पान आहे. ‘ओळ वाढवा’ दाबलं की एक टेक्स्टबॉक्स आणि शेजारी ‘काढा’ बटण अशी नवी ओळ यायला हवी. ओळींचा आकडा व्ह्यूस्टेटमध्ये (पानाच्या एका फेरीतून पुढच्या फेरीत माहिती नेणारी जागा) ठेवतो. ‘ओळ वाढवा’च्या क्लिकमध्ये तो एकाने वाढवतो आणि सगळ्या ओळी तिथेच बनवतो.

ओळी दिसतात. पण दुसरी वाढवली की पहिलीत लिहिलेलं पुसलं जातं, आणि ‘काढा’ दाबलं की सगळ्याच गायब. एकच ओळ होती तोवर मी समजत होतो की ‘काढा’ नीट चालतंय! ‘काढा’च्या हँडलरमध्ये (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड थांबवायची खूण, लावला, तर कोड तिथवर येतच नाही.

मग ओळी इनिटमध्ये, म्हणजे पान तयार होण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात, बनवून पाहिल्या. तिथे व्ह्यूस्टेटमधला आकडा कायम नल (रिकामा). लोड या नंतरच्या टप्प्यात तोच आकडा बरोबर मिळतो. हा क्रम नक्की आहे तरी कसा?

प्रतिसाद

पोस्टबॅक झाला, म्हणजे बटण दाबून पान सर्व्हरकडे परत गेलं, की सर्व्हरवर पानाचा ऑब्जेक्ट दरवेळी नव्याने तयार होतो. मागच्या वेळी कोडने जोडलेली बटणं त्यात नसतात. क्रम असा: प्रीइनिट, इनिट, मग व्ह्यूस्टेट भरला जातो, मग फॉर्ममधून आलेल्या किमती (लिहिलेला मजकूर वगैरे) कंट्रोलमध्ये, म्हणजे टेक्स्टबॉक्ससारख्या घटकांत, जातात, मग लोड. त्यानंतर चेंज इव्हेंट, त्यामागून क्लिक, आणि शेवटी प्रीरेंडर व रेंडर. इनिटमध्ये आकडा का मिळाला नाही, ते यातच आलं.

‘काढा’ दाबता तेव्हा क्लिकच्या टप्प्याला ते बटण पानावर असावं लागतं. तुमच्याकडे ते बनतं ‘ओळ वाढवा’च्या क्लिकमध्ये, आणि या फेरीत ते क्लिक झालेलंच नसतं.

तेव्हा जुन्या आकड्याइतक्या ओळी लोडमध्ये बनवा, ‘इज पोस्टबॅक’च्या (पान पहिल्यांदा उघडलंय की परत आलंय हे तपासणाऱ्या) अटीबाहेर, दरवेळी त्याच आयडीने. लिहिलेला मजकूरही परत येईल. पानाचा ट्रेस (टप्प्यांची नोंद) चालू करून बघा, लोडनंतर ‘प्रोसेस पोस्ट डेटा सेकंड ट्राय’ अशी ओळ दिसेल. लोडमध्ये उशिरा जोडलेल्या कंट्रोलना त्यांच्या किमती तिथे मिळतात. क्लिकमध्ये फक्त एक नवी ओळ जोडा.

धागाकर्ता

चाललं! मनापासून आभार. ब्रेकपॉइंटवर कोड थांबला तेव्हा फार बरं वाटलं. एकच अडचण उरली: तीनपैकी दुसरी ओळ काढली की पुढच्या पोस्टबॅकला तिसरीतलं लिहिलेलं जातं.

प्रतिसाद

कारण तुम्ही नुसता आकडा ठेवताय. तीनचे दोन झाले की लोड पहिली आणि दुसरी ओळ बनवतो, आणि ब्राउझरकडून किंमत येते तिसरीच्या आयडीने. आकड्याऐवजी ओळींच्या क्रमांकांची यादी व्ह्यूस्टेटमध्ये ठेवा: १, ३. आयडी त्या क्रमांकावरून द्या आणि वापरून झालेला क्रमांक पुन्हा कुठल्याही ओळीला देऊ नका.