बुडखा काढायला बकेट नको, रिपर लावा

छोट्या ट्रॅक्टरचा बॅकहो (मागे जोडलेला खोदाईचा हात) बाभळीच्या बुडख्यापुढे हात टेकतो, मोठं मशीनच आणावं का, असं तुम्ही विचारलंत. आधी बकेट काढून एकदाती रिपर (एकच मोठा वाकडा दात) लावून बघा. बकेटच्या चार-पाच दातांवर विभागला जाणारा जोर इथे एकाच टोकावर येतो, म्हणून तोच हायड्रॉलिक दाब मूळ तोडू शकतो.

पण बुडख्याला थेट भिडू नका. दोन-तीन फूट अंतर ठेवून गोल फिरत आडव्या मुळ्या एकेक करून खालून रिपरच्या टोकात अडकवा आणि आपल्याकडे ओढा. बूम (बॅकहोचा मुख्य दांडा) आडवा झटकून मूळ तोडायचा मोह आवरा, कारण त्याने स्विंगच्या, म्हणजे बूम डावी-उजवीकडे फिरतो त्या सांध्याच्या, पिना आणि बुश खलास होतात. शेवटी उरतं सोटमूळ. बाभूळ, चिंच यांचं ते खोल जातं. तिथे एका बाजूने खड्डा घेऊन बुडखा त्या बाजूला लोळवावा लागतो. म्हणूनच झाड तोडताना तीन-चार फूट खोड ठेवावं, तरफेला तेच कामाला येतं. नारळाला सोटमूळच नसतं, तिथे बकेट पुरते.

आणि एक कळकळीने सांगतो: बॅकहो नुसता थ्री-पॉइंटवर (ट्रॅक्टरच्या मागच्या तीन-बिंदू जोडणीवर) टांगलेला असेल तर हे काम करू नका. जोर उलटला की बॅकहो वर उचलला जाऊन चालकावर येऊ शकतो. सबफ्रेम, म्हणजे बॅकहोला ट्रॅक्टरच्या सांगाड्याशी पक्कं बांधणारी चौकट, हवीच. जॅक (बॅकहोचे आधाराचे पाय) घट्ट टेकवा, आणि ठिबकची मेनलाइन व मोटारीची केबल कुठून गेलीय ते आधी पाहून घ्या.