‘ईझी ए’ नववीतल्या मुलींना दाखवावा का? मदत हवी आहे

2010 सालचा ‘ईझी ए’ हा इंग्रजी सिनेमा कुणी आपल्या मुलांसोबत बसून पाहिला असेल, तर सल्ला हवा आहे.

माझी लेक नववीत आहे. तिच्या एका मैत्रिणीबद्दल वर्गात काहीबाही पसरलंय. कुणी काही पाहिलेलं नाही, तरी सगळ्यांना सगळं माहीत! ती मुलगी हल्ली एकटीच डबा खाते. लेकीला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटतं, पण आपलंही नाव त्यात गोवलं जाईल ही धास्ती आहे. उपदेश तिला नकोय, म्हणून सिनेमाचा विचार आला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: कॅलिफोर्नियातल्या ओहाय गावची ऑलिव्ह (एमा स्टोन) मैत्रिणीबरोबर कॅम्पिंगला जायचं टाळायला एका मुलाला भेटायचंय अशी थाप मारते. मैत्रीण खोदून विचारते, थाप त्याच्याशी शरीरसंबंध आल्यापर्यंत वाढत जाते आणि बाथरूममध्ये ती तिसरीच कुणी ऐकते. पुढे समलिंगी असल्यामुळे छळ सोसणाऱ्या ब्रँडनला वाचवायला ऑलिव्ह त्याच्याशीही संबंध आल्याचं नाटक करून आणखी बदनामी ओढवून घेते. मग बाकीची मुलंही गिफ्ट कार्डं देऊन, तसंच खोटं सांगायला तिचं नाव वापरू लागतात. वर्गात हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ (व्यभिचाराची शिक्षा म्हणून लाल ‘ए’ मिरवावा लागणाऱ्या बाईची कादंबरी) चालू असते, तर ही कपड्यांवर लाल ‘ए’ शिवून शाळेत येते! तिचे आईवडील (पॅट्रिशिया क्लार्कसन, स्टॅन्ली टुची) मला फार आवडतात. उलटतपासणी नाही, संशय नाही, घरात भरपूर हसणं.

अडतंय ते असं. अमेरिकेत त्याला पीजी-13 (तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं) प्रमाणपत्र आहे, पण संवाद बरेच मोकळे आहेत. शाळेतल्या समुपदेशक बाई आणि एका विद्यार्थ्याचं प्रकरणही आहे. तो भाग पळवावा की तिथे थांबून बोलावं? पार्किंगमध्ये एक मुलगा तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो, तो प्रसंग मात्र दाखवावाच असं मला वाटतं. अफवेवर विश्वास ठेवणारा काय गृहीत धरतो ते तिथे लख्ख दिसतं.

दुसरं, ऑलिव्हबद्दलचं सगळं खोटंच असतं, त्यामुळे तिची बाजू घेणं सोपं जातं. पण खरं असतं तर? शेवटी ती स्वतःच सांगते की पुढे मी काय करीन याच्याशी तुमचा संबंध नाही. लेकीपर्यंत नेमकं हेच पोचायला हवंय. तुम्ही मुलांशी यावर कसं बोललात?

आणि त्या मैत्रिणीलाही बोलवावं का? की मुद्दाम तिच्यासाठीच लावलाय असं वाटून ती आणखी मिटेल? तिच्या आईशी माझी फारशी ओळख नाही.

या वयाला चालेल असा मराठी-हिंदी सिनेमा आठवत असेल तर तोही सांगा. येत्या रविवारी बघायचा बेत आहे.